माळावरचा वणवा: निर्णय कधी घ्यायचा आणि अनुभवातून शिकायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातलं गाव, गावाला लागून गायरान आणि पुढे वनखात्याचं माळरान. संयुक्त वन व्यवस्थापन समितीची वीस-बावीस पोरं दर उन्हाळ्यात वणवा विझवायला धावतात. जोराच्या हवेने आग विझवणारी दोन यंत्रं, म्हणजे ब्लोअर आहेत, झोडपायला हिरव्या फांद्या आहेत, दहा हंगामांचा अनुभव आहे. तरी ऐनवेळी गोंधळ होतो, चौघं चार गोष्टी सांगतात, आणि गेल्या उन्हाळ्यात दोघांचे पाय पोळले. समितीचे अध्यक्ष विचारतात, ‘इतका अनुभव गाठीशी असून आम्ही शिकत का नाही?’

तुमच्या पोरांचं धाडस कमी नाही आणि मेहनतही कमी नाही. पण आगीजवळ पोचायच्या आधी जे ठरायला हवं, ते तुम्ही आगीच्या तोंडासमोर उभं राहून ठरवता. आणि आग विझली की हातपाय धुऊन घरी जाता. यातली दुसरी गोष्ट जास्त महागात पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

आपल्या माळावर कुसळी, पवन्या, मारवेल असं गवत असतं. हे जळण बारीक. ऊन आणि वारा मिळाला की तासाभरात त्याचा ओलावा उतरतो, आणि संध्याकाळी हवा जराशी गार-दमट झाली की तेवढ्याच लवकर चढतो. त्यामुळे दुपारी तीनला अंगावर येणारी आग सहा-सातच्या सुमारास बरेचदा आपणहून मरगळते. कधी ती नांगरलेल्या रानाला जाऊन थांबते, कधी सडकेला, कधी पाझर तलावाच्या काठाला. त्या वेळी तिथे वीस जण फांद्या आपटत असतील तर प्रत्येकाला वाटतं, आपण विझवली. समोरून जाऊन हाणलं तरी आग विझते, हा धडा मनात घट्ट बसतो. पाच वेळा तसं साधतं. सहाव्या वेळी वारा पडत नाही आणि माणसं मात्र तिथेच, तोंडासमोर उभी असतात.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी १९८०च्या दशकात अग्निशमन दलांच्या अनुभवी प्रमुखांचा अभ्यास केला. ही माणसं चार पर्याय मांडून तुलना करत बसत नव्हती. समोरचं दृश्य ओळखीचं वाटलं की जो मार्ग पहिल्यांदा सुचेल तो मनातल्या मनात चालवून बघायचा, कुठे अडला तर बदलायचा, अशी त्यांची रीत होती. घाईच्या कामात हीच रीत चालते. पण ओळख खरी आहे की फसवी, हा प्रश्न उरतोच. २००९ मध्ये क्लाइन आणि दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांनी एकत्र बसून त्याचं उत्तर मांडलं. अनुभवी माणसाच्या अंदाजावर विसंबायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. ज्या गोष्टीचा अंदाज बांधायचा तिच्यात काही नेम असला पाहिजे. आणि अंदाज खरा ठरला की खोटा, हे लवकर आणि स्पष्ट कळलं पाहिजे. आगीला नेम आहे. वारा, चढ आणि जळणाचा कोरडेपणा यांवर ती चालते. दुसरी गोष्ट मात्र तुमच्याकडे नाही, कारण तुमचा अंदाज काय होता हे कोणी मोठ्याने सांगतच नाही. मग चुकला की बरोबर आला, ते कळणार कसं?

म्हणून पहिलं काम. आगीच्या जागी पोचलात की प्रमुखाने सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं आणि एकाने ते वहीत लिहायचं. असं: ‘अडीच वाजलेत. वारा पश्चिमेकडून. तोंड ओढ्याकडे. माझा अंदाज, वीस मिनिटांत ओढ्याला लागेल. आपण शेपटीकडून उजव्या कुशीला लागू. पाऊण तासात कूस बंद व्हावी.’ याला पंधरा सेकंदं लागतात. पाऊण तासाने कूस बंद झाली नसेल, तर आग विझो न विझो, अंदाज चुकला हे वहीत राहतं. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की समितीला कळतं की आपण वाऱ्याला दरवेळी कमी लेखतो, किंवा गावातून निघायला लागणारा वेळ दरवेळी दहा मिनिटांनी कमी धरतो. खरा अनुभव तो.

आता तोंड, कूस, शेपटी हे शब्द सगळ्या पोरांच्या तोंडी एकाच अर्थाने असले पाहिजेत. वाऱ्याबरोबर पुढे धावतं ते आगीचं तोंड. वाऱ्याच्या उलट सावकाश सरकते ती शेपटी. दोन्हीकडच्या लांब कडा म्हणजे कुशी. वारा फिरला की कुशीचं तोंड होतं, आणि ते आधीच्या तोंडापेक्षा कितीतरी रुंद असतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ ला लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्या संध्याकाळी वारा फिरला आणि किलोमीटरच्या किलोमीटर लांब कुशी एकदम तोंडं होऊन निघाल्या. आपला माळ तिथल्या जंगलासारखा नाही. पण कुशीचं तोंड होणं इथेही तसंच घडतं, फक्त ज्वाळा लहान असतात.

आपल्याकडे हे घडवतो तो वळीव. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग उभा राहतो, गडगडतो, आणि पाऊस पडायच्या आधी ढगातून गार वारा खाली कोसळून चहूकडे पसरतो. ढग अजून पाच-दहा किलोमीटर लांब असतानाच हा वारा अंगावर येतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये यार्नेल हिलला ३० जून २०१३ ला १९ अग्निशामक गेले, ते अशाच वादळी ढगाच्या वाऱ्याने आग फिरल्यावर. ते आधी जळून गेलेल्या सुरक्षित काळ्या पट्ट्यात होते; तिथून निघून न जळलेल्या झुडपांतून पुढे जाताना आगीने त्यांना गाठलं. म्हणून नियम ठरवून टाका: गडगडाट ऐकू आला, किंवा अचानक गार झुळूक आली आणि धूळ उठली, की सगळ्यांनी काळ्यात यायचं. त्यावर चर्चा करायची नाही. वळवाच्या सरीने आग विझेल म्हणून कुशीवर थांबणं हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा चुकीचा हिशेब आहे. वारा आधी येतो आणि सर मागून येते, कधी कधी येतही नाही.

‘काळं’ म्हणजे पूर्ण जळून गेलेली जागा. गवताच्या वणव्यात ही सगळ्यात भरवशाची आसऱ्याची जागा, कारण गवतातली ज्वाळ एका जागी काही सेकंदच टिकते. मात्र काळं खरोखर काळं हवं. खालचं जळलं आणि वरचं हिरवट गवत उभं राहिलं, किंवा मध्येमध्ये ठिगळं उरली, तर ती जागा पुन्हा पेटते.

माँटाना राज्यातल्या मान गल्च या घळीत ५ ऑगस्ट १९४९ ला जे झालं ते तुमच्या प्रश्नाशी फार जवळचं आहे. सोळा जण गवताळ चढावर होते, आग खालून वर धावत आली. प्रमुख वॅग्नर डॉज यांनी काडी ओढून स्वतःच्या पुढचं गवत पेटवलं, ते जळून गेल्यावर त्या राखेत पालथे पडले आणि माणसांना आत या म्हणून हाका मारल्या. कोणी आलं नाही. १३ जण गेले. डॉज आणि आणखी दोघं वाचले. डॉज यांचा निर्णय बरोबर होता. पण ज्या गोष्टीचा आधी कधी उच्चारही झाला नव्हता, ती आग मागे लागलेली असताना माणसांच्या गळी उतरणं शक्य नव्हतं. वणव्यात प्रमुखाला बरोबर सुचून भागत नाही. ऐकणाऱ्यांना तो शब्द ओळखीचा असावा लागतो. ‘काळ्यात या’ हे दोन शब्द तुमच्या पोरांनी फेब्रुवारीत दहा वेळा ऐकलेले आणि प्रत्यक्ष करून बघितलेले असले, तरच मे महिन्यात पाय आपोआप वळतील.

अशा दुर्घटनांचा अभ्यास करून अमेरिकेत १९५७ मध्ये दहा कायम आज्ञा ठरल्या, पुढे धोक्याच्या अठरा खुणांची यादी झाली. धुरात कोण अठ्ठावीस कलमं आठवणार? १९९१ मध्ये पॉल ग्लीसन या वणवा विझवणाऱ्या अनुभवी माणसाने ती चारवर आणली: टेहळ्या, संपर्क, निघायची वाट, सुरक्षित जागा. ही चार नीट असल्याशिवाय कोणी फांदी उचलायची नाही. तुमच्या गावासाठी त्याचा अर्थ असा.

टेहळ्या उंचवट्यावर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा राहील. तो आग विझवणार नाही. हे पाळणं सगळ्यात अवघड जातं, कारण माणसं कमी पडली की पहिल्यांदा त्यालाच खाली बोलावलं जातं. त्याच्या हातात काठी आणि काठीला सुती कापडाची पट्टी. पट्टी फिरली की शिट्टी. धुराचा कल बदलला तरी शिट्टी. संपर्कासाठी मोबाइलवर अवलंबून राहू नका. आगीच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही आणि दोन्ही हात कामात असतात. एक लांब शिट्टी म्हणजे माझ्याकडे बघा, तीन तुटक शिट्ट्या म्हणजे काळ्यात या. निघायची वाट पायाखालून घालून बघितलेली हवी, आणि ती उताराकडची किंवा सपाटीवरची हवी. चढाकडे पळायचं नाही. चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, माणसाचा मात्र कमी होतो. तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला गिर्यारोहक गवताळ उतारांवर सापडले आणि वीसहून जास्त जीव गेले. आपल्या नान्नज-मार्डीकडे सपाटी जास्त म्हणून हे लक्षात राहत नाही. बार्शीकडे बालाघाटाच्या उतारांना मदतीला जाल तेव्हा आठवा.

सुरक्षित जागेचं माप: ज्वाळेच्या उंचीच्या किमान चौपट अंतर माणूस आणि आग यांच्यात हवं. हे सपाट जमीन आणि पडलेला वारा धरून आहे. दोन मीटरच्या ज्वाळेला आठ मीटर. वारा असेल तर दुप्पट धरा, आणि माणसं जास्त असतील तर जागा त्याहून मोठी. नांगरलेलं रान, खडकाळ पट्टा, रुंद सडक किंवा काळं चालेल. विहिरीचा काठ किंवा बाभळबन चालणार नाही.

आता हल्ला कुठून करायचा, हे ज्वाळेच्या उंचीवर ठरतं. दुरून उंची जास्तच वाटते, म्हणून कुंपणाचा खांब, माणूस, उभं गवत अशा कशाच्या तरी शेजारी मापा. साधारण १.२ मीटरपर्यंत, म्हणजे छातीच्या खाली ज्वाळ असेल तर हाताच्या साधनांनी काम होतं. त्याच्या वर गेली की हाताचं काम थांबवून ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर लागतो. २.४ मीटरच्या वर, म्हणजे माणसाने हात वर केला तरी ज्वाळ त्याच्या वर राहते, तेव्हा तोंडाशी काही उपयोग होत नाही. सडकेपर्यंत किंवा जाळरेषेपर्यंत (आधीच गवत काढून मोकळा केलेला पट्टा) मागे या आणि तिथे तयारी करा. हा निर्णय मान खाली घालून नका घेऊ. कशासाठी लढायचं याचा क्रम आधीच लावून ठेवला की मागे यायला जड जात नाही.

तो क्रम असा असावा: माणसं, मग वस्ती आणि गोठे, मग कडब्याच्या गंजी, मग माळ. आपल्याकडे ज्वारीची काढणी आणि वणव्याचा हंगाम एकमेकांत मिसळलेले असतात. मार्चमध्ये माळाच्या कडेला गंजी उभ्या असतात, आणि एक ठिणगी गंजीत शिरली की ती दोन-दोन दिवस धुमसते आणि शेजारच्या रानात ठिणग्या टाकत राहते. गंजीभोवती किमान दहा मीटर जमीन उघडी करून ठेवायचं काम जानेवारीचं आहे. ते झालं नसेल तर आग लागल्यावर अर्धी माणसं गंजीकडे धावतात आणि कूस उघडी पडते. तुमच्या ‘चौघं चार गोष्टी सांगतात’चं मूळ बहुतेक इथे आहे. ज्याची गंजी, त्याचं मन तिकडे. त्यात त्याची चूक काही नाही. दोन माणसं आणि एक ट्रॅक्टर गंजींसाठी पहिल्यापासून वेगळे नेमा म्हणजे बाकीचे निश्चिंत काम करतील.

माळ शेवटी ठेवला याचा अर्थ तो किरकोळ आहे असा नाही. १९७९ मध्ये इथे माळढोक अभयारण्य झालं ते या गवतात राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी. वणव्याच्या दिवसांत लांडग्यांची पिल्लं बिळात असतात, धाविक आणि टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ‘नुसतं गवत तर जळतंय, नवं चांगलं फुटेल’ असं म्हणणाऱ्यांना हे सांगत राहा.

प्रत्यक्ष कामाची वाटणी बारा जणांची धरून सांगतो. एक प्रमुख, एक टेहळ्या, दोघं ब्लोअरवाले, त्या प्रत्येकाच्या मागे एक झोडपणारा, दोघं पाठीवरच्या १६ लिटरच्या पंपाचे, तिघं मागून विझवत येणारे, एक पाणी-पेट्रोल आणि वही सांभाळणारा. बाकीच्यांना सडकेवर राखीव ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी ब्लोअरवाला बदला, तो ‘अजून होतंय’ म्हणाला तरी बदला. सगळे एकदम पुढे गेले तर अर्ध्या तासात सगळे एकदम दमतात. प्रमुखाच्या हातात साधन द्यायचं नाही. फांदी हातात आली की नजर जमिनीकडे जाते आणि मग वारा कोणीच बघत नाही.

सुरुवात नेहमी शेपटीकडून आणि पक्क्या ठिकाणापासून करायची, म्हणजे सडक, नांगरट किंवा विझलेलं काळं. मधूनच कुशीत घुसलात तर मागची आग वळसा घालून पाठीशी येते. ब्लोअर चालवताना एक पाय काळ्यात ठेवा, नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी आणि तिरकं, झोत जळलेल्या बाजूकडे. नळी सरळ ज्वाळेच्या पोटात धरली की ती विझत नाही, उलट भडकते आणि ठिणग्या पलीकडच्या गवतात उडतात. ज्यांचे पाय पोळले ते या चुकीने पोळले का, हे तपासून बघा. ब्लोअरवाल्याच्या समोरच्या बाजूला उभा असलेला माणूस असाच सापडतो. पेट्रोल भरताना यंत्र थंड होऊ द्या आणि उघड्या मातीवर भरा. तेलाचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकात असेल तेच ठेवा. बऱ्याच यंत्रांना लिटरला २० मिली लागतं. तणनाशक मारलेला फवारणी पंप वणव्याला वापरू नका. अंगात सुती पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड पँट, पायात चामडी बूट. टेरिकॉट आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. तोंडावर रुमाल बांधला म्हणून कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की त्या माणसाला धुराबाहेर आणून बसवा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी, वर स्वच्छ कापड, आणि १०८. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही.

तोंडासमोरून उलटी आग लावायचा मोह होतो, आणि ऐकीव ज्ञानावर बरेच जण तो करतात. ती तुम्ही लावायची नाही. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ३० ने बंदी आहेच, पण खरं कारण कामाचं आहे. वारा, वेळ आणि मागची रेषा यांतलं एक जरी चुकलं तर एका वणव्याचे दोन होतात आणि मध्ये आपली माणसं सापडतात. वनपरिक्षेत्र अधिकारी जागेवर असतील, त्यांनी आज्ञा दिली आणि जाळरेषा मागे तयार असेल, तरच. पोचायच्या आधीच १९२६ वर वनखात्याला आणि गरज असेल तर १०१ ला कळवायचं काम वहीवाल्याकडे द्या.

उपग्रहाच्या इशाऱ्यांबद्दल थोडंसं. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचे आगीचे इशारे मोबाइलवर मिळतात. नोंदणी करून ठेवा. पण ते ज्या उपग्रहांवर चालतात ते आपल्यावरून ठरावीक वेळी जातात, त्यांतला महत्त्वाचा साधारण दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. अडीचला लागून पाचला विझलेली माळावरची आग त्यात बहुतेक वेळा दिसत नाही.  इशारा आला नाही म्हणजे आग नाही, असं धरू नका. मार्च ते मे दुपारी बारा ते सहा पाण्याच्या टाकीवर एक माणूस बसवणं याहून जास्त कामाला येतं.

विझवून झालं असं वाटतं तेव्हा चुका सुरू होतात. माणसं दमलेली असतात, ज्वाळ दिसत नाही, सगळे सडकेकडे वळतात. माळावर आग लपते ती वाळक्या शेणात, बाभळीच्या पोकळ खोडात, कुंपणाच्या लाकडी खांबात. काठापासून आत दहा-पंधरा मीटर पट्टा चालत जा, संशय येईल तिथे हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब बघा, खोड उकरून पाणी आणि माती कालवा. नुसती वरून माती टाकली तर आत धग राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला, वारा सुटायच्या आधी, पुन्हा एक फेरी मारा. मे महिन्यात काळ्यावरून वावटळी उठतात आणि धगधगती राख उचलून कडेच्या गवतात टाकतात; दुसऱ्या दिवशीच्या दुपारी ‘पुन्हा कोणीतरी लावली’ म्हणतात त्यातल्या काही आगी अशा असतात.

आणि ही सकाळची फेरीच तुमची शाळा आहे. आढावा ऑफिसात नको, काळ्याच्या काठावर उभं राहून घ्या, आग विझल्यापासून चोवीस तासांच्या आत. तीस-चाळीस मिनिटं पुरतात. चार प्रश्न: आपण काय होईल म्हणत होतो, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचं. पहिल्या प्रश्नाला वही उघडायची, आठवणीवर जायचं नाही. आठवण एका रात्रीत बदलते. आग फिरल्यावर सगळ्यांना वाटू लागतं की फिरणार हे आपल्याला ठाऊकच होतं. सगळ्यात लहान पोराने आधी बोलायचं, प्रमुखाने शेवटी. प्रमुख आधी बोलला की बाकीचे फक्त मान हलवतात.

त्या फेरीत जमीन वाचायला शिकवा. आग कुठून आली हे राख सांगते. शेपटीकडे आग सावकाश गवताच्या बुडाला लागते, काडी बुडातून जळते आणि आग आली त्या दिशेला आडवी पडते. वरचा तुरा न जळता राखेवर पडलेला सापडतो, आणि तुऱ्यांची टोकं आग आली त्या बाजूला असतात. दगडांची आगीकडची बाजू काळवंडते, पाठची बाजू स्वच्छ राहते. खाली बसून दहा-वीस जागी हे बघत मागे मागे गेलात की सुरुवातीची जागा सापडते, बरेचदा एखाद्या बांधाशी, सडकेच्या कडेला, किंवा पाचट जाळलेल्या फडाच्या कोपऱ्याशी. वारा मध्येच फिरला असेल तर तेही तिथे लिहिलेलं असतं, तुऱ्यांची दिशा बदलते. वहीतली वेळ आणि जमिनीवरचं वळण जुळवून बघितलं की टेहळ्याने शिट्टी वेळेवर दिली का, हे कोणावर आरोप न करता कळतं.

बांध पेटवणारा शेतकरी सापडला तर काय, हा प्रश्न येणारच. कायद्याचं काम वनखात्याला करू द्या. आढाव्यात मात्र त्याला बोलवा, कारण किती वाजता पेटवलं, वारा कसा होता आणि हातातून कधी सुटलं, हे फक्त त्यालाच माहीत असतं. आढाव्यात बोललेलं शिक्षेसाठी वापरलं गेलं तर पुढच्या वर्षीपासून कोणी खरं सांगणार नाही, पोळलेला पोरगाही नाही. दोन्ही बैठका वेगळ्या, माणसंही वेगळी.

जे नीट पार पडलं त्याचाही आढावा घ्या, आणि जे थोडक्यात हुकलं त्याचा तर नक्की. ब्लोअरवाला धडपडला पण उठला, ज्वाळ टँकरला चाटून गेली, शिट्टी ऐकूच आली नाही: अशा गोष्टी दुखापत न झाल्यामुळे विसरल्या जातात, पण पुढच्या अपघाताची सुरुवात त्यांतच असते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, हंगाम सुरू व्हायच्या आधी, दोन संध्याकाळी याला द्या. देवळापुढच्या मातीत गावचा नकाशा रेखाटा, ओढा, सडका, गंजी दगडांनी मांडा, लाल कापडाची चिंधी म्हणजे आग. एकाला प्रमुख करा, वारा सांगा, दोन मिनिटांत निर्णय मागा, मग मध्येच वारा फिरवा. दर वेळी प्रमुख बदला, म्हणजे नेहमीचा प्रमुख गावाला गेला तर काय, याचंही उत्तर मिळतं. दुसऱ्या संध्याकाळी उलट विचारा: ‘समजा मे महिना आहे आणि आपला एक पोरगा भाजून दवाखान्यात आहे. काय चुकलं असेल?’ प्रत्येकाने चिठ्ठीवर एक कारण लिहायचं. हा प्रकारही क्लाइन यांनीच सुचवलेला आहे, आणि तो चालतो, कारण धोका सांगणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. चिठ्ठ्यांत जे दोनदा-तीनदा येईल ते त्याच आठवड्यात दुरुस्त करा.

वहीचे रकाने साधे ठेवा: तारीख, कळलं कधी, निघालो कधी, पोचलो कधी, वारा, गवत किती उंच, ज्वाळ किती, अंदाज, प्रत्यक्ष, एक बदल. एका आगीला एकच बदल. पाच लिहिले की एकही होत नाही. बदल कोण करणार त्याचं नाव आणि तारीख लिहा. पुढच्या आढाव्याची सुरुवात मागच्या बदलाने करा: झाला की नाही? वही समितीच्या कपाटात कुलपात न ठेवता ब्लोअरच्या पेटीत ठेवा, पेन्सिलीसकट. घामाने आणि पाण्याने पेनची शाई पसरते.